दुसरी भाषा म्हणून मराठी : अभ्यासक्रम आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे
आणि
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती), पुणे

विषय : द्वितीय भाषा मराठीच्या अभ्यासक्रमाची आखणी आणि त्याची पारख

पहिल्या भाषेचा अभ्यासक्रम आणि दुसऱ्या भाषेचा अभ्यासक्रम यांची सुरुवातच वेगवेगळ्या ठिकाणाहून होते. घरी मराठी बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा भाषेचे बहुतेक व्याकरण त्याच्या तोंडी रुळलेले असते. ‘घोडा’ आणि ‘घोड्यावर’, ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’, ‘नाही’ आणि ‘नको’ यांत ते चुकत नाही. शाळा त्याला लिपी देते, प्रमाणभाषेची ओळख करून देते, वाचनाची गोडी लावते. दुसरी भाषा म्हणून मराठी शिकणाऱ्या मुलाला मात्र ही भाषा ऐकण्यापासून सुरुवात करायची असते, आणि पुष्कळदा वर्ग हीच मराठी ऐकण्याची त्याची एकमेव जागा असते. त्यामुळे पहिल्या भाषेच्या पुस्तकातले धडे कमी केले, उतारे आखूड केले आणि प्रश्न सोपे केले की दुसऱ्या भाषेचा अभ्यासक्रम तयार होतो, हा समज मुळातच चुकीचा आहे. हे मूल कोण आहे, त्याला या भाषेत काय काय करता आले पाहिजे आणि ते जमू लागले हे कशावरून ओळखायचे, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय धड्यांची निवड सुरू करणे घाईचे ठरते.

महाराष्ट्रात हा प्रश्न आता राज्य मंडळाच्या शाळांपुरता राहिलेला नाही. मराठी भाषेच्या सक्तीच्या अध्यापनाच्या २०२० च्या अधिनियमाने सर्व माध्यमांच्या आणि सर्व परीक्षा मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी अनिवार्य झाली. २०२०-२१ मध्ये पहिली आणि सहावीपासून सुरुवात करून ती टप्प्याटप्प्याने वरच्या वर्गांत नेण्याचे ठरले, आणि तरतूद मोडणाऱ्या शाळाचालकाला एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवण्यात आला. कायद्याने मराठीला वेळापत्रकात जागा मिळवून दिली. त्या तासात मुलाच्या पदरात काय पडते हे ठरवण्याचे काम अभ्यासक्रमाचे, म्हणजे परिषदेचे आणि मंडळाचे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातले अभ्यासक्रम नव्याने आखले जात असताना हे काम मुळापासून करण्याची संधी आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या सुमारे ६९ टक्के लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. म्हणजे दहांतल्या तीन जणांच्या घरात दुसरी एखादी भाषा आहे. या तिघांना ‘अमराठी’ अशा एकाच नावाखाली आणणे प्रशासनाला सोयीचे असेल, पण अभ्यासक्रमाला ते घातक आहे. मुंबईतल्या हिंदीभाषक मुलाला देवनागरी आधीच येते. भिवंडी किंवा मालेगावच्या उर्दू शाळेतल्या मुलाच्या कानांवर हिंदीशी जवळीक असलेली भाषा असते, पण डावीकडून उजवीकडे जाणारी लिपी त्याला नव्याने शिकायची असते. गुजराती मुलाला तीन लिंगे नवी नाहीत आणि ‘ळ’ही नवा नाही, ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरकही त्याच्या भाषेत आहे. सोलापूर किंवा जतच्या कन्नड शाळेतल्या मुलाला ‘ळ’ सहज उच्चारता येतो, मात्र त्याच्या भाषेत निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नसते. दरवाजा ‘तो’, खिडकी ‘ती’ आणि घर ‘ते’ का, याचे कोणतेही कारण त्याला सापडणार नाही, कारण ते नाहीच. परप्रांतातून आठवीत येऊन थेट मराठीच्या तासाला बसणारा विद्यार्थी तर या सगळ्यांहून वेगळा. तो वयाने मोठा, पण मराठीत शून्यावर असतो. आठवीचे पुस्तक त्याला पेलत नाही आणि पहिलीचे पुस्तक समोर ठेवले तर तो ओशाळतो. त्याच्यासाठी इयत्तेशी न बांधलेला, वयाला शोभणारा प्रवेशक्रम लागतो.

सर्वांत मोठी उपेक्षा मात्र ज्या मुलांना ‘द्वितीय भाषा’ हे लेबलही लागत नाही त्यांची होते. मेळघाटातले कोरकू मूल, गडचिरोलीतले गोंडी किंवा माडिया बोलणारे मूल, नंदुरबारच्या डोंगरातले भिली किंवा पावरी बोलणारे मूल मराठी माध्यमाच्या शाळेत जाते आणि प्रथम भाषेचे पुस्तक हातात घेते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, गोंडी आणि माडिया द्राविड कुळातल्या. मराठी यांपैकी कोणाचीही घरची भाषा नाही. तरीही कागदावर ही मुले प्रथम भाषेची ठरतात, आणि पहिल्याच दिवसापासून त्यांच्यासमोर दोन अडथळे एकदम उभे राहतात : जी भाषा कळत नाही तिच्यातच वाचायला शिकायचे आणि तिच्यातच गणितही समजून घ्यायचे. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने भाषांची आर-१, आर-२, आर-३ अशी विभागणी केली आणि मूल ज्या भाषेत पहिल्यांदा लिहायला-वाचायला शिकते तिला आर-१ म्हटले. ती शक्यतो मातृभाषा असावी असेही सांगितले. ज्या शाळांत ते ‘शक्यतो’ प्रत्यक्षात येत नाही, तिथे आर-१ असलेली मराठी शिकवण्यासाठी दुसऱ्या भाषेच्या पद्धती वापराव्या लागतील. नव्या आखणीत या मुलांची नोंद वेगळी आणि ठळक असावी, एवढी एकच गोष्ट झाली तरी अनेक वर्षांची चूक दुरुस्त होण्यास आरंभ होईल.

शिकणारा ठरला की त्याच्या गरजा पाहायच्या. युरोप परिषदेने १९७५ मध्ये इंग्रजीसाठी ‘उंबरठा पातळी’ प्रसिद्ध केली. परक्या देशात दैनंदिन व्यवहार स्वतःच्या बळावर पार पाडायला भाषा किमान किती लागते, याचा तो आराखडा होता. दुसऱ्याच वर्षी डी. ए. विल्किन्स यांनी, व्याकरणाच्या रचनांऐवजी विनंती करणे, नकार देणे, कारण सांगणे, वेळ आणि प्रमाण व्यक्त करणे अशा अर्थांच्या आणि कार्यांच्या आधारे अभ्यासक्रम मांडण्याची पद्धत पुस्तकरूपाने पुढे आणली. पुढे २००१ मध्ये युरोपीय आराखड्याने भाषेच्या प्रभुत्वाच्या सहा पातळ्या ठरवल्या. प्रत्येक पातळीवर शिकणारा काय करू शकतो, हे त्यात साध्या विधानांत सांगितलेले आहे. या पातळ्या मराठीवर जशाच्या तशा चढवू नयेत. पण ‘विद्यार्थ्यांमध्ये भाषेची आवड निर्माण होईल’ असे जे उद्दिष्ट कधीच तपासता येत नाही, त्यापेक्षा ‘बसच्या वाहकाला थांबा विचारता येतो आणि मिळालेले उत्तर कळते’ हे उद्दिष्ट शिक्षकाच्या कितीतरी अधिक कामाचे आहे. ‘डॉक्टरांना काय दुखते ते सांगता येते’, ‘सोसायटीच्या फलकावरची पाणीपुरवठ्याची सूचना वाचून घरच्यांना सांगता येते’, ‘मित्राच्या आजीशी दोन मिनिटे आदराने बोलता येते’, ‘तलाठी कार्यालयातला साधा अर्ज भरता येतो’ : अशी पन्नाससाठ विधाने इयत्तांनुसार आणि पातळ्यांनुसार ठरली, तर पुस्तकात कोणता धडा का आहे, याला उत्तर असेल.

साहित्य यातून बाहेर पडत नाही. ‘सुलभभारती’ आणि ‘अक्षरभारती’ या पुस्तकांतल्या कविता-कथांना त्यांची जागा आहेच. मराठी शिकलेल्या मुलाला मराठीतले उत्तम लेखन वाचता यावे ही अपेक्षा रास्त आहे. पण त्या वाचनापर्यंत पोहोचवणारी शिडी आधी लागते. संतकाव्यातली भाषा आणि बाजारातली भाषा एकाच आठवड्यात भेटली, तर नवशिक्याला कोणती रूपे आज वापरायची आणि कोणती केवळ ओळखायची, हे समजत नाही. ‘वापरण्यासाठी’ आणि ‘ओळखण्यासाठी’ अशी शब्दांची आणि रूपांची स्पष्ट विभागणी प्रत्येक पाठाबरोबर हवी.

शब्दांच्या निवडीचाही हाच न्याय. मायकेल वेस्ट यांनी १९२० च्या दशकात ढाक्यात बंगाली मुलांना इंग्रजी शिकवण्याच्या अनुभवातून मर्यादित शब्दसंख्येची वाचनपुस्तके तयार केली, आणि १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची सुमारे २,००० शब्दांची यादी कित्येक दशके इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांचा पाया राहिली. मराठीच्या पाठ्यपुस्तकांनाही असाच आधार द्यायचा, तर तो छापील साहित्यातल्या शब्दांबरोबर मुलांच्या, दुकानांतल्या आणि घरांतल्या बोलण्यातून गोळा केलेल्या शब्दांवर उभा करावा लागेल. कोणता शब्द कोणत्या इयत्तेत पहिल्यांदा येतो आणि पुढे किती वेळा परत येतो, याची नोंद ठेवणे आज संगणकामुळे सोपे झाले आहे. एकदाच भेटलेला शब्द मुलाच्या लक्षात राहत नाही, हे तर प्रत्येक शिक्षक जाणतो.

व्याकरणाच्या क्रमात मराठीची स्वतःची अडचण आहे आणि तिथे थोडे थांबायला हवे. दुसरी भाषा म्हणून मराठी शिकणारा सर्वांत जास्त अडखळतो तो सामान्यरूपात. हिंदीत ‘घर में’ म्हणताना ‘घर’ बदलत नाही. मराठीत ‘घर’ला ‘त’ लागताना आधी ‘घरा’ व्हावे लागते. शाळा-शाळेत, नदी-नदीत, भाऊ-भावाला, मासा-माशाला, पाऊस-पावसात, विहीर-विहिरीत, कापूस-कापसाचा. यांतली काही रूपे नियमाने सांगता येतात, काही नाही : ‘भिंत’चे ‘भिंतीवर’ होते आणि ‘वीट’चे ‘विटेवर’. ‘शाळामध्ये’, ‘पाऊसमध्ये’ असे म्हणणारा विद्यार्थी निष्काळजी नसतो. तो आपल्या भाषेचा नियम प्रामाणिकपणे पाळत असतो. हा सगळा तक्ता एका धड्यात पाठ करायला लावल्याने तो परीक्षेत लिहितो आणि बोलताना विसरतो. ‘शाळेत’, ‘घरी’, ‘दुकानात’, ‘बाजारात’, ‘आईला’, ‘सरांना’ ही रूपे आधी अखंड शब्द म्हणून कानांवर आणि तोंडी यावीत, गोष्टींत आणि खेळांत पुन्हापुन्हा भेटावीत. असा पुरेसा साठा झाल्यावर, साधारण वर्षभराने, त्यांच्यामागचा नियम दाखवावा. ओळखीच्या रूपांतून काढलेला नियम टिकतो.

दुसरी जागा नकाराची. ‘चहा नाही’ म्हटले तर चहा संपला आणि ‘चहा नको’ म्हटले तर पाहुण्याने नाकारला. ‘जाऊ नको’, ‘जाऊ नये’, ‘जात नाही’, ‘जाणार नाही’ आणि ‘जायला नको होते’ या पाच नकारांचे अर्थ पाच. हे एका वेळी शिकवण्याचे काम नाही. पहिल्या वर्षी ‘नाही’ आणि ‘नको’, पुढे ‘नये’, त्यानंतर बाकीचे, असा सर्पिल क्रम लागतो. प्रत्येक वेळी जुने थोडे उजळायचे आणि नवे थोडे घालायचे. संबोधनाचेही तसेच. हिंदीतल्या ‘तुम’ला मराठीत नेमकी जोडी नाही, म्हणून हिंदीभाषक मूल वर्गमित्राला ‘तुम्ही’ म्हणते किंवा बाईंना ‘तू’ म्हणून बसते. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘अरे’, ‘अगं’, ‘अहो’ कोणाला कधी, हे व्याकरणाच्या तक्त्यात कळत नाही. ते संवाद ऐकून आणि भूमिका घेऊन कळते. हिंदी येणाऱ्या मुलाला काही गोष्टी सोप्याही जातात. भूतकाळात क्रियापदाने कर्माशी जुळणे त्याला ठाऊक असते, त्यामुळे ‘त्याने पोळी खाल्ली’ ही रचना त्याला नवी वाटत नाही. तिथे वेळ घालवू नये. कन्नड किंवा तेलुगू मुलासाठी मात्र तिथेच अधिक वेळ द्यावा. एकाच पुस्तकाला माध्यमानुसार वेगवेगळ्या पूरक पुस्तिका जोडल्या, तर हे फार खर्च न वाढवता साधते.

रचनांचा क्रम आखायचा की कृतींचा, हा वाद भाषाशिक्षणात जुना आहे आणि त्यातला एक मोठा प्रयोग भारतातच झाला. एन. एस. प्रभू यांच्या पुढाकाराने १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांत इंग्रजी शिकवताना व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून केवळ कृतींवर आधारलेले पाठ घेण्यात आले. रेल्वेचे वेळापत्रक वाचून उत्तर काढणे, नकाशावरून मार्ग ठरवणे, दिलेल्या माहितीवरून तर्क करणे अशा कृतींत मुलांचे लक्ष अर्थावर राहते आणि भाषा त्या ओघात आत्मसात होते, ही त्यामागची धारणा होती. बंगलोर प्रकल्प या नावाने तो जगभर अभ्यासला गेला. मराठीसाठी यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे, पण ‘कृतिपत्रिका’ हे नाव छापले म्हणून पाठ कृतीवर आधारलेला होत नाही. ज्यात उत्तर आधीच उताऱ्यात आहे आणि ते शोधून रिकाम्या जागी लिहायचे आहे, ती वाचनाची तपासणी आहे. दोन मुलांकडे अर्धी-अर्धी माहिती असून बोलल्याशिवाय ती पूर्ण होत नाही, तेव्हा कृतीत भाषेची गरज निर्माण होते.

वेळेचा हिशेबही मांडावा लागेल. आठवड्याला ३५ मिनिटांच्या चार तासिका आणि वर्षाचे ३५ आठवडे धरले, तर वर्षाला सुमारे ८२ घड्याळी तास मिळतात. सुट्ट्या, परीक्षा, स्नेहसंमेलन वजा जाता यांतले किती उरतात हे शाळांना विचारावे. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला एकेकट्याने बोलायला लावले, तर एका तासिकेत एका मुलाच्या वाट्याला मिनिटही येत नाही. म्हणूनच जोडीने बोलणे हा अभ्यासक्रमाचा गाभा असायला हवा, आणि पुस्तकातल्या घटकांची संख्या प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेळेवरून ठरायला हवी.

आता पारख. विद्यार्थ्याचे मूल्यमापन आणि अभ्यासक्रमाचे मूल्यमापन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दरवर्षी होते, दुसरी क्वचितच. विद्यार्थ्याच्या परीक्षेतही बोलण्याला काय स्थान आहे, हे २०१९ च्या अनुभवावरून दिसते. त्या वर्षी दहावीच्या भाषा विषयांतले तोंडी परीक्षेसाठीचे शाळांकडचे २० गुण काढून पूर्ण १०० गुणांची लेखी परीक्षा घेण्यात आली. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, मोठी चर्चा झाली आणि पुढच्या वर्षीपासून ते गुण परत देण्यात आले. चर्चा निकालाच्या टक्क्यांभोवती फिरली. विद्यार्थ्यांना त्या भाषेत बोलता येते का, हे २० गुण ते मोजतात का, दोन शाळांतले २०पैकी १८ हे सारखेच असतात का, हे प्रश्न मागे पडले. तोंडी परीक्षेसाठी पातळीनुसार वर्णने, गुण कसे द्यायचे याचे ध्वनिमुद्रित नमुने आणि काही शाळांत बाहेरच्या परीक्षकाची फेरतपासणी असेल, तरच त्या गुणांना अर्थ येतो. परीक्षा जे मोजते तेच वर्गात शिकवले जाते. बोलणे मोजले नाही, तर कायद्याने मिळालेल्या तासांतही मुले मराठी लिहून काढतील आणि बोलणार नाहीत.

अभ्यासक्रमाची पारख कशी करावी, याचा धडाही बंगलोर प्रकल्पातच आहे. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेरेटा आणि डेव्हिस यांच्या मूल्यमापनात प्रयोगातले वर्ग आणि नेहमीचे वर्ग यांची तुलना झाली. रचना ओळखण्याच्या कसोटीत नेहमीच्या वर्गांचा कल चांगला, कृतींच्या कसोटीत प्रयोगवर्गांचा, आणि कोणत्याही बाजूला न झुकणाऱ्या कसोट्यांत सर्वसाधारणपणे प्रयोगवर्ग पुढे, असे चित्र दिसले. जो अभ्यासक्रम जे शिकवतो त्याचीच कसोटी लावली तर तो यशस्वी ठरतो, हे यातून उघड होते. म्हणून तटस्थ कसोटी हवी. पण हे मूल्यमापन प्रयोग संपत आल्यावर झाले, आणि प्रयोगवर्गांना मिळालेले शिक्षक अधिक उत्साही होते का, ही शंका पुढेही राहिली. सुरुवातीची पातळी आधीच मोजून ठेवली नसेल, तर शेवटी मिळालेल्या आकड्यांवरून ठाम काही सांगता येत नाही.

म्हणून नवी पुस्तके राज्यभर जाण्यापूर्वी वेगवेगळ्या माध्यमांच्या आणि जिल्ह्यांच्या मोजक्या शाळांत पूर्ण एक वर्ष वापरून पाहावीत. वर्षाच्या आरंभी मुलांचे ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे तपासावे, वर्षअखेर पुन्हा तपासावे, आणि जुने पुस्तक वापरणाऱ्या तशाच शाळांशी ताडून पाहावे. शिक्षकांनी कोणते पाठ गाळले आणि का, याची नोंद घ्यावी. गाळलेला पाठ अभ्यासक्रमाबद्दल जितके सांगतो तितके गुणपत्रक सांगत नाही. दोन-तीन वर्षांनी हीच तपासणी पुन्हा व्हावी, आणि तिचे निष्कर्ष, प्रतिकूल असले तरी, प्रसिद्ध व्हावेत.

या कामासाठी लागणारा अनुभव महाराष्ट्रात आहे. केंद्रीय भारतीय भाषा संस्थेचे पुण्यातले पश्चिम विभागीय भाषा केंद्र परराज्यांतल्या शिक्षकांना दहा महिन्यांत मराठी शिकवत आले आहे. फलटणच्या मॅक्सिन बर्नसन यांनी जाई निंबकर यांच्यासह मराठी न येणाऱ्यांसाठी पाठ्यपुस्तके आणि संदर्भ-व्याकरण सिद्ध केले. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने ‘माय मराठी’ची पुस्तके तयार केली, ती परकीय भाषा शिकवण्याच्या पद्धतींचा आधार घेऊन. उत्तर अमेरिकेतल्या मराठी शाळांत तर घरी मराठी ऐकणारी पण इंग्रजीत वाढणारी मुले हा एक निराळाच गट शिकतो आहे. हे सारे लोक अभ्यास मंडळांत साहित्यिकांच्या आणि प्रथम भाषेच्या शिक्षकांच्या शेजारी बसले पाहिजेत, आणि त्यांच्याबरोबर इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणारे आणि आश्रमशाळांत शिकवणारे शिक्षकही. डी.एड. आणि बी.एड.च्या अभ्यासक्रमांत दुसरी भाषा म्हणून मराठी शिकवण्याची स्वतंत्र पद्धती असावी, कारण प्रथम भाषेची पद्धती शिकलेल्या शिक्षकाकडून तिची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

परिषदेने आणि मंडळाने पहिले पाऊल म्हणून तीन गोष्टी लोकांसमोर ठेवाव्यात : प्रत्येक पातळीवर मुलाला मराठीत काय करता आले पाहिजे याची विधाने, प्रत्येक इयत्तेचा शब्द आणि रूपांचा क्रम, आणि नवे पुस्तक लागू होण्यापूर्वी घेतलेल्या चाचणीचा अहवाल. त्यांवर शिक्षकांच्या सूचना मागवून मगच पुस्तके छपाईला जावीत.

कळावे,
एक मराठी भाषाशिक्षक